दुमडलेल्या कोपऱ्याची प्रत

हमीदसाहेब, ते पुस्तक मी रद्दीत दिलं. ते हरवलं नव्हतं. तुम्ही कुठं ठेवून विसरला नव्हतात. आणि नंतर मी तुमच्या हातात जे ठेवलं, ते ते नव्हतंच. तुम्ही सोलापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होतात तेव्हा मी तुमच्या कपाटातून ते काढलं, इतर फाटक्या प्रतींबरोबर सुतळीनं बांधलं आणि शिवलिंगअप्पांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला देऊन आलो. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही समोर खाटेवर बसलेले असताना ते मला सांगता आलं नाही.

तुमच्या नोकरीबद्दल, तुमच्या फारसी अक्षराबद्दल, तहसिलीतल्या तुमच्या दराऱ्याबद्दल बोलणारे कळंबात पुष्कळ आहेत. ते बोलतील. मला तुमची दुपार तेवढी ठाऊक आहे. वाचनालय बंद करून मी जेवायला निघायचो आणि घरी न जाता तुमच्याकडं वळायचो. बाजारपेठेच्या फळ्या लागलेल्या असायच्या, अडतीपुढं बैल रवंथ करत बसलेले असायचे, आणि तुमच्या मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर उन्हाचा एक चौकोन पडलेला असायचा. त्या खुर्चीवर तुम्ही कधी बसला नाहीत. मला वाटायचं, ऊन लागतं म्हणून.

आपली ओळख झाली तीसुद्धा तुमच्या एका चेष्टेनं. नगरपालिकेच्या वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून मी नवा होतो. तुम्ही आत आलात, इंग्रजीच्या एकुलत्या एका कपाटापुढं उभे राहिलात, जाड पुठ्ठ्यांच्या पुस्तकांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "दत्तूमियाँ, हे तर सगळे मेलेले लेखक. कब्रस्तान आमच्या घरामागंच आहे, त्यासाठी इथवर कशाला यायचं? मला जिवंत लेखक पाहिजेत. अमेरिकेतले, आज लिहिणारे."

मग तुम्हीच मला घरी नेऊन तुमचं कपाट दाखवलंत. खिशात मावणारी, कागदी वेष्टनाची ती पुस्तकं. पेपरबॅक हा शब्द मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. काही हैदराबादेच्या फूटपाथवरची, काही सोलापूरच्या जुन्या बाजारातली, आणि काही थेट रद्दीच्या गठ्ठ्यांतून वाचवलेली. परदेशी रद्दी बार्शीवरून यायची, त्यात कधी कधी वेष्टन फाडून टाकलेली अख्खी पुस्तकं निघायची. अप्पा ती तुमच्यासाठी बाजूला ठेवायचे. "सायेब, तुमचा खाऊ आलाय," म्हणायचे.

वेष्टनांवरून तर तुम्ही गावात बदनाम होतात. आत दुष्काळ, कर्ज, न बोलणारे नवराबायको. आणि वर मात्र खांद्यावरून पदर, नव्हे झगा, घसरलेली बाई. तुमच्या बेगम म्हणजे आमच्या चाची. त्यांनी प्रत्येक पुस्तकाला उर्दू वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. "मशिदीतून लोक येतात घरात," त्या म्हणायच्या, "अन् इनो बुढ़ापे में नंगी औरतां जमा करके बैठे." तुम्ही गंभीर चेहऱ्यानं मला सांगायचात, "हिला कळत नाही. मी दोन कादंबऱ्या पालथ्या घातल्या, ही बाई आत कुठंच सापडली नाही. छापणाऱ्यानं फसवलं मला." आणि चाची आतून, "हौ, ढूँढते रहो!"

पहिल्या पानावर तुम्ही उर्दूत नाव लिहायचात आणि खाली इंग्रजीत गाव. जुन्या पुस्तकांवर 'कळंब, हैदराबाद राज्य'. मधल्या पुस्तकांवर 'कळंब, मुंबई राज्य'. अलीकडच्यांवर 'कळंब, महाराष्ट्र'. "घर जागचं हललं नाही," तुम्ही म्हणायचात, "राज्यंच येऊन जातात."

सूची करायची कल्पना तुमची, कार्डं वाचनालयाची, अक्षर माझं. आणि भांडण दोघांचं. ते भांडण मिटायचं राहिलं, साहेब. तुमच्याकडं एकाच कादंबरीच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती होत्या, वेगवेगळ्या छापखान्यांतल्या. मी म्हणायचो, मजकूर तोच, लेखक तोच, म्हणजे कार्ड एकच. बाकीच्या दुबार प्रती.

"तुमचा अन् तुमच्या भावाचा बाप एकच ना?" तुम्ही विचारलंत. "मग रेशनकार्डावर दोघांचं मिळून एकच नाव लावू का?"

"माणसाचं वेगळं, साहेब."

"कसं वेगळं? ही प्रत बघा, शिकागोची. हिच्यावरची बाई उभी आहे. ही न्यूयॉर्कची. हिची बाई बसलीय."

"आणि आत?"

"आत दोन्हीकडं एक म्हातारा अन् त्याची गाय."

आपण दोघं हसलो. पण हसणं संपल्यावर तुम्ही म्हणालात, "एका प्रतीला जे झालेलं असतं ते दुसरीला झालेलं नसतं." तेव्हा ते मला नुसतं हट्टाचं बोलणं वाटलं.

सोलापूरला निघताना तुम्ही मला कपाटाची किल्ली दिलीत. "परत येईपर्यंत कार्डं पुरी करा. पुढं मला वाचता येईल, न येईल." मी जीव लावून काम केलं, हे मात्र खरं माना. प्रत्येक पुस्तक पुसलं. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला. आणि वाचनालयात जे दरवर्षी करतो तेच केलं: चांगली प्रत असेल तर फाटकी बाद. आमच्या कामात याला शिस्त म्हणतात. बाद केलेल्यांत एक पुस्तक बिनवेष्टनाचं होतं, पाठ उसवलेली, मध्ये एका पानाचा कोपरा खोल दुमडलेला. त्याच कादंबरीची बारीक अक्षरांची, नवी कोरी प्रत शेजारी उभी होती. मी क्षणभरही थांबलो नाही. तुम्ही याल, रांगा बघाल आणि खूश व्हाल, असंच मनात होतं.

तुम्ही आलात ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. ऑपरेशन बिघडलं होतं. दुसऱ्या डोळ्याला आधीच धुकं होतं. उजेड-अंधार कळायचा, एवढंच. चाचींनी खाटेवर बसायला सांगितलं तर तुम्ही आधी कपाटाकडं गेलात आणि पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवू लागलात. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो. तुमची बोटं एका जागी थांबली.

"इथं एक होतं."

तुम्ही कोणतं म्हणताय ते मला लगेच कळलं. का कळलं, कोण जाणे. मी ती नवी प्रत काढून तुमच्या हातात दिली. "हेच ते, साहेब."

तुम्ही पानांच्या कडांवरून अंगठा फिरवलात. "हे नाही."

"हेच. मी पुसून स्वच्छ केलंय."

"कोपरा?"

"सरळ झाला असेल पुसताना."

शब्द तोंडातून गेले आणि मग तुम्ही मला सलीमबद्दल सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर? पण त्याचा दोष तुमच्यावर कसा टाकू. त्या कोपऱ्याबद्दल तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. संस्थान विलीन झालं त्या धामधुमीत तुमचा मुलगा, हैदराबादेला शिकणारा, सुटीत घरी आलेला होता. ही अमेरिकन पुस्तकं मुळात त्याचीच आवड. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो ते पुस्तक वाचत होता. कुणीतरी बोलवायला आलं. त्यानं पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक खुर्चीवर ठेवलं, "आत्ता येतो" म्हणाला आणि गेला. सरहद्दीपलीकडं पोचला असं पुढं कुणीतरी सांगितलं, कुणी म्हणालं पोचलाच नाही. तुम्ही ते पुस्तक सुरुवातीपासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचलंत आणि थांबलात. पुढं कधी वाचलं नाहीत. आणि त्याच्यासाठी, तो येईल तेव्हा त्याला वाचायला असावं म्हणून, कपाट भरत राहिलात.

हे ऐकताना माझ्या हातात ती कोरी प्रत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कोपरा परत दुमडून ठेवू का?" तुम्ही मान हलवलीत. "तो त्यानं दुमडलेला होता, दत्तूमियाँ."

मी थेट अप्पांच्या दुकानात पळालो. अप्पा कागदाचा शंकू वळत बसले होते. "आवं, ते गेलं की! लई ग्वाड कागद. हळद गळत न्हाय त्यातनं. अर्धं शिराढोणच्या बाजाराला गेलं, अर्धं हितंच गल्लीत खपलं. का वो, काय झालं?" मी काही नाही म्हणालो.

काही आठवड्यांनी माझ्या बायकोनं, सुमननं, स्वयंपाकघरातून हाक मारली. "हे बघा, तुमच्या इंग्रजीत जिरं आलंय." तिनं पुडी सोडून कागद मला दिला. एका कोपऱ्यात खोल, जुनी घडी होती. तेच पान. इतक्या पानांतलं, इतक्या घरांतून वाट चुकून, तेच. मी उभ्या उभ्या वाचलं. माळावरचं एक शेतघर, भाऊ रेल्वेच्या कामावर गेलेला, तो परतलेला नाही, बहीण एकटी. गोठ्यातला घोडा भर दुपारी बुजतो. ती अंगण ओलांडून जाते. दाराआडून तिला कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. ती कडीवर हात ठेवते. तिथं पान संपलं होतं. पुढचं वाचायला नवी प्रत होतीच, पण साहेब, मलाही पुढं वाचवलं नाही. ते पान मी पेटीत धोतराच्या घडीत ठेवलं. जिऱ्याचा वास गेला नाही.

त्यानंतर तुम्ही ते सांगू लागलात. दुपारी मागच्या खोलीत पानं उलटल्याचा आवाज येतो. चाची जेवून लवंडलेल्या, दार लोटलेलं, तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर. "वारा असेल," मी म्हणालो. "वारा एक पान उलटून थांबतो का?" तुम्ही विचारलंत. "वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा?"

तुमचं समाधान करायला म्हणून मी मागच्या खोलीत गेलो आणि ती कोरी प्रत उघडली. तिच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी पुसली तेव्हा तिच्यात एकही घडी नव्हती. मी त्या पानावरची शेवटची ओळ वाचली. ती कडीवर हात ठेवते. पानाचा आकडा वेगळा होता, कारण या प्रतीची अक्षरं बारीक आणि पानं कमी. पण जागा तीच. ती जागा शोधायला मजकूर वाचावा लागतो. तुम्हाला हाताची बोटं दिसत नव्हती. चाचींना इंग्रजी येत नाही. त्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो. मी परक्या वस्तूकडं बघावं तसं माझ्या हातांकडं बघितलं आणि स्वतःला विचारलं, तूच तर नाहीस? खुर्चीवरचा उन्हाचा चौकोन मला नेहमीपेक्षा लहान वाटला, जणू थोडं ऊन कुणी अडवलं होतं.

बाहेर आलो तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याला दुसऱ्या प्रतीत वाचावं लागतंय. अक्षर फार बारीक आहे. डोळे खराब करून घेईल."

म्हणजे माझ्या खोट्यावर तुम्ही एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. तरी मला काही बोलला नाहीत.

पुढं कोपरा सरकत गेला. कधी पान, कधी दोन पानं. मी उघडून बघायचो, कोपऱ्यापलीकडं नजर जाऊ द्यायचो नाही, आणि मिटून ठेवायचो. तुम्ही विचारायचात, "कुठवर आलाय?" मी म्हणायचो, "काही नाही साहेब, तिथंच आहे." हेही खोटंच.

आणि मग तो दिवस. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे आणि सगळ्यात कमी बोलता येतं. चाचींनी दर्ग्यातल्या एका बुजुर्गांना बोलावलं होतं. ते तुमच्या दंडाला तावीज बांधत होते. चाची पदर डोळ्यांना लावून सांगत होत्या, "सोलापूर से आए जब से दिमाग ठिकाने पे नै इनका. किताब गुम हुई बोलते, किताब तो सामने है. अब बोलते, बेटा आके पढ़ता." तुम्ही दंड पुढं केला होता, लहान मुलासारखा. चेहरा माझ्या दिशेला वळवलात. मी कुठं उभा होतो ते तुम्हाला श्वासावरून कळलं असणार.

"दत्तूमियाँ, तुम्ही तरी सांगा यांना."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही आराम करा."

तुम्ही मान खाली घातलीत. "हौ," म्हणालात. त्यानंतर तुम्ही पुस्तकाचं नाव काढलं नाहीत. गावभर झालं की हमीदसाहेबांना भ्रम झालाय. ज्यांच्या एका सहीवर तालुक्याचं काम चालायचं, त्यांना गल्लीतली माणसं दोनदा दोनदा सांगू लागली, "जेवलात का? जेवला ना?" आणि मी ते ऐकत तुमच्या शेजारी बसायचो. मला तुम्ही चहा पाजायचात.

तुम्ही दुपारीच गेलात. जनाज्याला मी खांदा दिला. खांद्यावर तुम्ही इतके हलके होतात की दोनदा मी मान वळवून खात्री केली.

काल तुमचा चाळिसावा होता. माणसं जेवून गेली. चाची मागच्या दारात मातीची चूल लिंपत होत्या. खिडकीजवळची खुर्ची कुणीतरी अंगणात काढून ठेवली होती, तिच्यावर पातेली वाळत होती. मी खिशातून ते पान काढलं आणि चाचींच्या पुढं धरलं. सगळं सांगितलं. सोलापूर, सुतळी, अप्पा, पुडी, आणि "आराम करा".

चाचींनी हात पुसून पान घेतलं. वाचता येत नसताना त्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग घडीवर अंगठा ठेवला. वास घेतला.

"तो किताब सच्ची गई थी."

"होय."

"उनो बराबर बोलते थे."

"होय चाची. त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. खोटं माझं होतं."

त्या रडतील असं मला वाटलं. शिव्या देतील, असंही. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "तो फिर दूसरी बात बी बराबर होइंगी."



त्या उठल्या. खुर्चीवरची पातेली उतरवली, पदरानं खुर्ची पुसली आणि स्वतः उचलून मागच्या खोलीत खिडकीजवळ ठेवली. उन्हाचा चौकोन तिच्यावर आला. त्यांनी मला कपाट उघडायला लावलं आणि म्हटलं, "देख, कित्ती बाकी है." मी ती प्रत काढली. तुम्ही गेल्यापासून कपाट बंद होतं, साहेब, किल्ली माझ्याकडं होती. कोपरा मी शेवटी बघितला होता तिथं नव्हता. तो पार शेवटाला आला होता.

"थोडंच राहिलंय," मी म्हणालो.

"रख दे." मी पुस्तक खुर्चीवर ठेवलं. चाचींनी जिऱ्याचा वास असलेलं ते पान त्याच्यावर ठेवलं, घडी वर करून. "चल बाहेर. पढ़ने दे उसकू."

त्या पुढं गेल्या. मला उंबरा ओलांडवेना. खोलीकडं पाठ करायची हिंमत होत नव्हती आणि तोंड करायचीही नव्हती. लोटायला म्हणून मी दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि तसाच उभा राहून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"सलीम, तू ठेवलेली खूण मी मोडली. आणि ती मोडली हे लपवायला तुझ्या अब्बांना खोटं पाडलं, सगळ्या गावात, त्यांच्या घरात, त्यांच्या तोंडावर. हमीदसाहेब, तुम्ही म्हणालात ते सगळं खरं होतं. ती दुबार प्रत नव्हती. मला माफ करा."